दाबोळीची बंद पडलेली विमान कंपनी: नकाशा आणि धावपट्टी बनवतानाच्या नोंदी

काय बनवतोय ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. १९५५ ते १९६१ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोवा-दमण-दीवची स्वतःची विमान कंपनी होती. ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंदिया पोर्तुगेझा, थोडक्यात टीएआयपी. मुख्य तळ दाबोळी. वास्कोत राहणाऱ्या अर्ध्या लोकांना हे माहीत नाही, रोज डोक्यावरून विमानं जातात तरी. तर मुक्तिदिनाला, १९ डिसेंबरला, आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये यावर छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय. दोऱ्यांचा रूट-नकाशा आणि एका रात्रीची, म्हणजे १८ डिसेंबर १९६१ ची, धावपट्टी, इतकंच. कोणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय. बजेट १२ हजार, वर्गणीतून.

२९ जून

पहिली मीटिंग. सगळ्यांना सगळी विमानं हवी होती. टीएआयपीकडे हेरॉन होती (चार इंजिनांची पण अगदी छोटी, चौदा ते सतरा माणसं बसतील अशी), मग व्हायकिंग, आणि लांबच्या रूटला डीसी-४. तिन्हीची मॉडेल करायची म्हणजे तीन वेगवेगळ्या स्केलचे किट, आणि एका टेबलावर ठेवल्यावर पिटुकलं हेरॉन डीसी-४ पेक्षा मोठं दिसणार. बघणाऱ्याला चुकीचं शिकवायला आपणच पैसे खर्च करायचे असं होईल. म्हणून ठरलं की एकच स्केल, १:१४४, आणि दोनच विमानं: टीएआयपीचं डीसी-४ आणि त्या रात्री त्याच्यासोबत दाबोळीत उभं असलेलं पोर्तुगालच्या टीएपी कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. हेरॉन आणि व्हायकिंगचे फक्त फोटो आणि मजकूर.

किट दोन्ही बाहेरून मागवली. कस्टम धरून ६,४०० रुपये. बजेटचा अर्धा भाग पहिल्याच दिवशी गेला म्हणून खजिनदार माझ्याशी बोलत नाहीयेत.

६ जुलै

नकाशा फ्लेक्सवर छापून आणला, ४५० रुपये, आणि वाया गेला. लिस्बनपासून तिमोरपर्यंत सगळं एका नकाशात घेतलं होतं कारण कंपनी मोझांबिक आणि तिमोरपर्यंत जायची आणि ते भारी दिसतं. पण चार फुटांत एवढं जग बसवल्यावर गोवा ते दमण साडेचार सेंटिमीटर उरलं. गोवा, दमण, दीव या तिन्हीच्या टाचण्या जवळजवळ एकमेकीला चिकटल्या, दोरा बांधायला बोट जाईना. आणि खरी गोष्ट तर त्याच साडेचार सेंटिमीटरमध्ये आहे.

आता असं: मुख्य नकाशा फक्त किनारपट्टीचा, गोव्याच्या थोडं खाली ते कराचीच्या थोडं वर. एका अंशाला दहा सेंटिमीटर. लिस्बन, मोझांबिक, तिमोर कडेला बाण दाखवून.

२० जुलै

हा दिवस वसूल. नवीन नकाशा ६ एमएम प्लायवर चिकटवला (फेविकोल पाणी घालून पातळ करा आणि मधून बाहेर असं पुसत जा, कडेकडून सुरू केलं तर मध्ये फुगे येतात, आमच्याकडे रत्नागिरीपाशी एक फुगा कायमचा राहिलाय). मग दाबोळीच्या खिळ्यापासून दमणच्या खिळ्यापर्यंत सरळ दोरा ताणला. आणि सगळे हसायलाच लागले. दोरा जातो कुडाळवरून, लांज्यावरून, खेडवरून, माणगाववरून आणि पनवेलवरून. म्हणजे सरळ मुंबई-गोवा हायवेच! चतुर्थीला चाकरमानी ज्या रस्त्याने येतात तोच, फक्त हवेतून.

आणि नेमकं हेच टीएआयपीला जमणारं नव्हतं. ही सगळी भारताची जमीन. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली, त्यानंतर तिथे जायला-यायला भारताने वाट द्यायचं बंद केलं, पोर्तुगालने त्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस टाकली ती १९५५ च्या डिसेंबरमध्ये, निकाल १९६० च्या एप्रिलमध्ये. एवढं भांडण चालू असताना यांचं विमान पनवेलवरून कोण जाऊ देतंय. तर रूट समुद्रावरून. आम्ही मालवणच्या पुढे समुद्रात एक आणि मुंबईसमोर खोल समुद्रात एक अशा जास्तीच्या टाचण्या मारून दोरा वळवला. या दोन टाचण्या आमच्या अंदाजाच्या आहेत, पाटीवर तसं लिहिणार. मोजलं तर सरळ ५७० किलोमीटर आणि वळसा घालून ६०० च्या आसपास, म्हणजे तीसेक किलोमीटर जास्त. मला वाटलं होतं खूप फरक पडेल, पडत नाही.

सरळ रेष काढून टाकायची नाही असं ठरलं. ती लाल तुटक रेषेने ठेवायची, हायवेवरची गावं लिहून. लोकांना कुडाळ-खेड-माणगाव वाचल्यावर लगेच कळतं, अक्षांश-रेखांश सांगून कळत नाही.

३ ऑगस्ट

लेबलांची उठाठेव. पोरांनी नकाशावर सुबक अक्षरात "महाराष्ट्र", "गुजरात", "सिंधुदुर्ग", "रायगड" लिहून टाकलं. वाचनालयातल्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, नकाशा कुठल्या सालचा? महाराष्ट्र आणि गुजरात १ मे १९६० ला झाले. त्याआधी मुंबई राज्य. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा, आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये, तोवर सगळं रत्नागिरीच. कंपनीची बहुतेक वर्षं मुंबई राज्याच्या काळातली म्हणून लेबलं तशीच केली. खाली बारीक अक्षरात आजचे जिल्हे.

दादरा-नगर हवेलीला पोरांनी पोर्तुगीज भागाचा हिरवा रंग दिला होता तोपण खरवडावा लागला, कारण कंपनी सुरू झाली तेव्हा तो भाग त्यांच्याकडे राहिलाच नव्हता. प्लायवर चिकटवलेला कागद खरवडायचा म्हणजे वैताग. पॉलिश पेपर ४०० नंबर, हलक्या हाताने, आणि वरून नवीन तुकडा चिकटवा. रंग काढायच्या आधी साल ठरवा एवढंच सांगेन.

१७ ऑगस्ट

आज दोरे पूर्ण झाले. दाबोळी-दमण, दाबोळी-दीव, दमण-दीव, आणि वर कराची. मागे उभं राहून बघितलं तर मध्ये मोठी मोकळी जागा दिसते आणि त्या जागेत मुंबई आहे. मुंबईला एकही दोरा नाही.

याच्यावर मी जरा अडकलो खरं तर. दाबोळीहून मुंबई हवेतून सव्वाचारशे किलोमीटर. कराची साडेबाराशेच्या वर, म्हणजे तिप्पट. गोव्यातल्या घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईत कामाला, धोबीतलावच्या कुडांत (गोंयकारांच्या सामायिक खोल्यांत) राहणारं, आणि यांचं विमान जाणार कराचीला. कराचीतही गोंयकार होते, चांगले जुने, पण मुंबईची गोष्ट वेगळी. आधी सरहद्दीवरच्या कॅसलरॉकवरून ट्रेन होती, बोट होती. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे बंद. त्याच वर्षी दाबोळी विमानतळ बांधून झाला आणि त्याच वर्षी टीएआयपी सुरू झाली. हे तीन वेगवेगळे योगायोग नाहीत. जमिनीची दारं बंद झाली म्हणून ही कंपनी काढली गेली. हौस किंवा धंदा नंतर. विमानतळाला पुढे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदेस यांचं नाव दिलं, त्यांच्याच कारकिर्दीत हे झालं.

म्हणून नकाशाच्या मध्यभागी मुंबईवर फक्त एक रिकामा खिळा मारलाय. काही लिहिलेलं नाही. लोक विचारतील, मग सांगायचं.

बाजूच्या पॅनेलवर नाकेबंदीतला बाजार: बटाटे हॉलंडचे, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. हे बहुतेक बोटीने, विमानाने बटाटे आणत नव्हते हे स्पष्ट लिहा, नाहीतर लोकांचा समज होतो. पहिल्या मजकुरात आम्ही ते स्पष्ट केलं नव्हतं आणि वाचून दाखवल्यावर लगेच कोणीतरी म्हणालं "विमानातून बटाटे? श्रीमंत होते की!"

१४ सप्टेंबर

चवथीत कोणी हाताला लागलं नाही. आज किट उघडली.

आणि भांडण सुरू: त्या रात्रीचं टीएआयपीचं विमान डीसी-४ की डीसी-६? इंग्रजीत वाचाल तर कुठे डीसी-६, कुठे डीसी-४, कधी तर एकाच लेखात वर एक आणि खाली दुसरं. दोन्ही डग्लसची, दोन्ही चार इंजिनांची, पंखांची लांबी तीच, लांबून बघितलं तर कळणार पण नाही. फरक ओळखायचा तर खिडक्या बघा. डीसी-४ च्या खिडक्या गोल, डीसी-६ च्या चौकोनी. आणि डीसी-६ दोन मीटरने लांब. पोर्तुगीज लिखाणात डीसी-४ येतं, आणि कंपनीचा मुख्य घोडा तोच होता, म्हणून आम्ही डीसी-४ वर ठाम राहिलो. पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने पोर्तुगीज पेपर बघायला मिळतात, आमच्यातला एकजण पोर्तुगीज वाचू शकतो त्यामुळे बरं, नाहीतर मोबाईलवरच्या भाषांतराच्या भरवशावर राहिलो असतो तर वेगळंच काहीतरी छापलं असतं.

२१ सप्टेंबर

रंग. पूर्ण फजिती.

रंगसंगतीचा प्रश्न होता कारण हाताशी असलेले फोटो काळे-पांढरे. कोणी म्हणालं निळा पट्टा, कोणी लाल. मी म्हणलं एवढं डोकं लावायचंच कशाला, आपण रात्रीचा प्रसंग दाखवतोय, दोन्ही विमानं एकाच गडद करड्या रंगात करू. सगळ्यांना पटलं.

तर करडा लॅकर स्प्रे मारला. बाहेर झिमझिम पाऊस, हवा ओली. पाच मिनिटांत कॉन्स्टेलेशनच्या पाठीवर पांढुरकी साय आल्यासारखी झाक. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगात अडकतं, कार पेंटिंगवाल्याने सांगितलं. त्याचा उपाय: थिनरमध्ये रिटार्डर घाला म्हणजे रंग सावकाश सुकतो, किंवा पाऊस जाईपर्यंत गप्प बसा. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर लॅकर मारूच नका. आम्ही खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून मॉडेल आधी कोमट केलं, मग दुपारी बाराला पातळ हात मारले. चाललं. पण आधीचा थर थिनरने काढताना शेपटीच्या एका पंखाचा प्लॅस्टिक तुकडा विरघळला. कॉन्स्टेलेशनला शेपटीवर तीन उभे पंख असतात, त्यातला मधला आता प्लास्टिकच्या शीटमधून कापलेला आहे. लांबून कळत नाही.

५ ऑक्टोबर

धावपट्टी. ही या सगळ्या प्रकल्पातली माझी आवडती भानगड.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. म्हणजे साडेअठ्ठावीस टन. नंतर आणखी आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला. टर्मिनल मुद्दाम सोडलं. बाजूला उभी असलेली दोन प्रवासी विमानं पण शाबूत राहिली. संध्याकाळी विमानतळावरच्या लोकांनी काही तासांत खड्डे बुजवले आणि रात्री कॉन्स्टेलेशन उडालं, फक्त ७०० मीटरमध्ये.

आता ७०० मीटर म्हणजे किती हे लोकांना कसं दाखवायचं. आकडा लिहून उपयोग नाही. ७०० भागिले १४४: ४ मीटर ८६ सेंटिमीटर. सोळा फूट. सुतारकाका म्हणाले अरे, प्लायची शीट आठ फुटी, दोन जोडल्या की सोळा. खरंच! आठ-चारची एकच १२ एमएम शीट घेतली (२,१०० रुपये), लांबीत फुटा-फुटाच्या चार पट्ट्या पाडल्या, दोन धावपट्टीला आणि दोन खालच्या आधाराला. कापताना ब्लेडची जाडी खाल्ली जाते ती रुंदीतून जाते, लांबी तशीच राहते. टोकाला दीडेक सेंटिमीटर उरतो. इतकं नशीब मला कधी लागत नाही.

धावपट्टीवर २६ सेंटिमीटर पंखांचं कॉन्स्टेलेशन ठेवलं की सोळा फूट एकदम कमी वाटायला लागतात. हेच हवं होतं.

माती आपलीच: चिऱ्याचा चुरा खणीवरून फुकट आणला, चाळणीने चाळला, फेविकोलवर पसरला. दाबोळीचं पठार लाल दिसतं तसंच दिसतं. रंगाने कितीही प्रयत्न करा तो लाल येत नाही.

२६ ऑक्टोबर

दोन्ही विमानं शेपटीवर बसतात. चाकं लावून टेबलावर ठेवली की नाक वर. किटवर लिहिलेलं असतं की नाकात वजन घाला पण किती ते कमीच लिहितात. वास्कोच्या मासळी मार्केटजवळ जाळ्यांचं सामान विकणाऱ्याकडून शिशाच्या गोळ्या आणल्या, चाळीस रुपये. नाकाच्या पोकळीत एम-सीलमध्ये दाबून बसवल्या. डीसी-४ लगेच सरळ झालं. कॉन्स्टेलेशनच्या नाकात जागाच नाही, निमुळतं आहे, म्हणून पंखांच्या पुढच्या इंजिनांच्या पोकळीत पण घालाव्या लागल्या. हे अंग चिकटवायच्या आधी करा. आम्ही नंतर केलं आणि कॉकपिटची काच काढावी लागली.

दिवाळीतले नरकासुराचे पुतळे संपले त्यामुळे पोरं मोकळी झाली. नरकासुराचे हात आणि मान हलवणारी जी मोटर असते ती त्यांच्याकडून मिळाली, १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला ६० फेरे. विमान धावपट्टीवर खरं धावलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. मी नको म्हणत होतो.

९ नोव्हेंबर

मोटरला सहा सेंटिमीटरची चकरी, त्याला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), तंगूस विमानाच्या नाकाला. हिशोबाने पंचवीस सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोचतं. झालं काय: दोन पट्ट्यांच्या सांध्यावर जेमतेम एक मिलिमीटरचा उंचवटा होता, तिथे पुढचं चाक अडकलं आणि पाय तुटला. पाय परत चिकटवला, परत तुटला.

मग चाकं फिरायचा नाद सोडला. खाली पातळ पारदर्शक ऍक्रेलिकची पट्टी, विमान तिच्यावर चिकटवलेलं, तंगूस पट्टीला. सांध्याला खालून लोखंडी पट्टी आणि नट-बोल्ट, वरून लांबी (पुट्टी) भरून घासलं. पण धावपट्टी दिसायला डांबरासारखी व्हावी म्हणून आम्ही काळा पॉलिश पेपर चिकटवला होता (दिसायचा एकदम खरा, सगळ्यांनी कौतुक केलेलं), त्यावरून ऍक्रेलिक घासत जाताना करकर आवाज आणि दोन दिवसांत पट्टी धुरकट. पॉलिश पेपर उपटून फेकला, ७०० रुपये गेले. आता साधा मॅट करडा रंग. दिसायला थोडं कमी, पण चालतं.

२३ नोव्हेंबर

आज कमिटीत आवाज चढले. एका सभासदांच्या घरातले लोक मुक्तिसंग्रामात होते, तुरुंगात होते. त्यांचं म्हणणं: मुक्तिदिनाला तुम्ही पोर्तुगीजांची विमानं सजवताय, ती पळून कशी गेली ते मोटर लावून दाखवताय, हे काय आहे? त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. मोटर चालू झाली की पोरं टाळ्या वाजवतात आणि टाळ्या कोणाला पडतात हा प्रश्न आहेच.

माझं मत मांडलं. ही कंपनी आपण नाकेबंदी केली म्हणून जन्माला आली आणि आपल्या कॅनबेरा आल्या त्या दिवशी संपली. तिचा नकाशा बघितला की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं सरकार किती कोपऱ्यात गेलं होतं ते कळतं, भाषणापेक्षा चांगलं. विमानं लपवली तर ते कळणार नाही.

तोडगा निघाला. एक: मोटर सतत चालणार नाही, मजकूर वाचून झाल्यावर कार्यकर्ता बटण दाबेल. दोन: धावपट्टीच्या वर कॅनबेरांच्या बारा आकृत्या लटकवायच्या, जाड पुठ्ठ्याच्या. तीन: एक पॅनेल गोव्याच्या स्वातंत्र्याच्या रेडिओचं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ च्या नोव्हेंबरपासून जंगलातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉककडून, प्रसारण चालवलं. आणि १९ डिसेंबरला त्याच दोघांनी विमानात लाऊडस्पीकर लावून वरून मुक्तीची घोषणा केली. म्हणजे त्या दोन दिवसांत गोव्याच्या आकाशात कोण कोण होतं ते सगळं येईल. हे पॅनेल आधीच सुचायला हवं होतं, त्यांच्यामुळे आलं.

७ डिसेंबर

मजकूर फायनल. इथे सगळ्यात जास्त काटछाट झाली कारण त्या आठवड्यातल्या गोष्टी एकेक अशा आहेत की कुठली टाकायची कळत नाही.

कॉन्स्टेलेशन (नोंदणी सीएस-टीएलए) दाबोळीत आलं कसं ते ठेवलं. लिस्बनला गोव्याकडे रणगाडाविरोधी ग्रेनेड पाठवायचे होते, दहा टन. लष्करी विमानांना वाटेत उतरू द्यायला कोणी तयार नाही, पाकिस्तान पण नाही. म्हणून टीएपीचं प्रवासी विमान भाड्याने घेतलं, तर कराचीतून शस्त्रं न्यायला परवानगी नाही. शेवटी १७ तारखेला संध्याकाळी सहाला ते दाबोळीत उतरलं तेव्हा आत ग्रेनेडऐवजी सॉसेजच्या पाच-सहा पिशव्या होत्या. आणि लोकांना बाहेर काढायला मदत म्हणून आलेल्या काही महिला पॅराट्रूपर. ही गोष्ट वाचताना हॉलमध्ये हशा होणार हे नक्की, गोव्यात शोरिसांना (गोव्याच्या सॉसेजना) तोटा होता काय!

त्याआधी ९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला जाणारी "इंडिया" नावाची बोट मुरगावला आली होती. कोणाला चढवू नका असा लिस्बनचा हुकूम, तो मोडून गव्हर्नर वासालो ई सिल्व्हा यांनी ७०० लोकांना चढू दिलं. बोटीची क्षमता ३८०.

आणि ती रात्र. कॉन्स्टेलेशनमधल्या जास्तीच्या सीट आणि सामान काढून फेकलं, वजन कमी करायला. पायलट मानुएल कोरेया रेइस. अधिकाऱ्यांची आणि सैनिकांची कुटुंबं आत. उडताना धावपट्टीवरचे दगड उडून विमानाला २५ भोकं पडली आणि एक टायर गेला. मागोमाग टीएआयपीचं डीसी-४, चालवायला स्वतः कंपनीचे डायरेक्टर मेजर सोलानो दि आल्मेदा. दोघं अगदी खालून, समुद्राला लागून, कराचीला. म्हणजे टीएआयपीचा शेवटचा दोरा नकाशावर आधीच बांधलेला होता, दाबोळी-कराची, फक्त परतीचं तिकीट नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला वासालो ई सिल्व्हांनी शरणागतीवर सही केली.

२५ भोकं मॉडेलवर पाडायची का? एकाने सुईने सुरुवात केली होती, मी थांबवलं. १:१४४ मध्ये सुईचं एक मिलिमीटरचं भोक म्हणजे खऱ्या विमानावर चौदा सेंटिमीटरचं होतं.

खड्ड्यांबद्दल: बॉम्ब नेमके कुठे पडले त्याप्रमाणे खड्डे मांडलेले नाहीत, बुजवलेल्या जागांचे गडद ठिगळ नमुन्यादाखल आहेत, असं पाटीवर स्वच्छ लिहिलंय. कोणी जुना कर्मचारी आला आणि म्हणाला इथे नव्हता खड्डा, तर वाद नको.

आजच्या दाबोळीचा फोटो लावायचा विचार होता तो रद्द. १९६२ पासून तो तळ नौदलाकडे आहे, आयएनएस हंसा, आत फोटो काढता येत नाहीत. उगाच कोणाच्या मोबाईलमधला लावू नका.

१८ डिसेंबर

मांडणी. टेम्पो १,२०० रुपये. सोळा फूट पट्टी जिन्यावरून वळत नाही हे माहीत होतं म्हणूनच बोल्ट ठेवले होते. हॉलमधली बाकं वेगवेगळ्या उंचीची निघाली, सगळी धावपट्टी लाटेसारखी. लाकडाच्या पाचरा मारून लेव्हल केली, त्यात दोन तास गेले. टेबलं कुठली मिळणार ते आधी जाऊन मोजा.

एलईडी पट्टी लावली तर रात्र कुठली, लग्नाचा हॉल दिसायला लागला. डिमर आणला, निळा जिलेटिन कागद गुंडाळला, तरीही जास्त. शेवटी पट्टी काढून दोन्ही टोकांना एकेक छोटा बल्ब.

२१ डिसेंबर

झालं प्रदर्शन. गर्दी धावपट्टीभोवती होईल असं वाटलेलं, झाली नकाशाभोवती. लाल तुटक रेषेवरची गावं लोक बोट ठेवून वाचत होते, आमचं लांजा, आमचं माणगाव असं. रिकाम्या खिळ्याबद्दल पण विचारलं, आणि मग प्रत्येकाची स्वतःची गोष्ट सुरू: कोणाचे वडील मुंबईत अडकलेले, कोणाची आजी कॅसलरॉकच्या चेकपोस्टवरून चालत आलेली. एक वही ठेवायला हवी होती लिहून घ्यायला, ठेवली नव्हती, दुसऱ्या दिवशी ठेवली. मोटर पहिल्या दिवशी दुपारी एकदा अडकली, तंगूस चकरीवरून सुटला होता, चकरीला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या कडा लावल्यावर परत नाही सुटला.

ज्यांनी आक्षेप घेतला होता ते कॅनबेरांच्या खाली उभे राहून लोकांना स्वतः समजावत होते. मोटरचं बटण मात्र त्यांनी एकदाही दाबलं नाही.

खर्च: किट ६,४००, प्लाय दोन्ही मिळून २,८००, छपाई १,९००, वाया गेलेला फ्लेक्स ४५०, रंग-थिनर १,३००, वाया गेलेला पॉलिश पेपर ७००, मोटरचा अडॅप्टर आणि लाईट १,४५०, टेम्पो १,२००, शिसं ४०. एकूण १६,२४०. म्हणजे ४,२४० वर गेलं, त्यातले ११५० सरळ फुकट घालवलेले.

सावंतवाडीच्या एका शाळेने सगळं मागितलंय, जानेवारीत देणार. कोणाला हवं असेल तर नेऊ शकता, टेम्पो तुमचा. धावपट्टीच्या दोन पट्ट्यांवर खालून "द" आणि "क" लिहिलंय, द दाबोळीच्या टर्मिनलकडची बाजू. उलटी लावलीत तर बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि सांध्यावर परत तो एक मिलिमीटर येतो. पाना १० नंबरचा.